टक्के कमी पडले, तरी एम.बी.ए.चे दार बंद नाही

पाथर्डीच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या घरात मुलाचे कॉलेज आणि दुकानाचा गल्ला एकाच वेळी सांभाळावा लागतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा. ती परीक्षेच्या तोंडावर येते. लगेच लग्नसराई. मग बी.कॉम.ला ५१-५२ टक्के पडतात आणि वडील म्हणतात, "एवढ्या टक्क्यांवर मोठ्या कॉलेजात कोण घेणार?" मुलगा अर्जच करीत नाही. आमच्या मते खरे नुकसान येथे होते.

प्रथम ५० टक्क्यांच्या वरच्या मुलांचे पाहू. महाराष्ट्रात एम.बी.ए.चा प्रवेश राज्याच्या सी.ई.टी.वर होतो. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. तिच्यात प्रवेश मिळणे अवघड समजतात. तरीही राज्याच्या गुणवत्ता यादीत क्रमांक लागतो तो सी.ई.टी.च्या गुणांवर. ५२ टक्केवाला आणि ८० टक्केवाला तेथे एकाच रांगेत उभे असतात. या परीक्षेत आतापर्यंत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते; तरी अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. हिशेब आणि तर्क यांचे प्रश्न यात भरपूर असतात. गल्ल्यावर वाढलेल्या मुलाला त्यांची धास्ती वाटू नये. सराव मात्र हवा.

आय.आय.एम.चे गणित निराळे. तेथे 'कॅट'च्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही अनेक संस्था मोजतात. प्रत्येक संस्थेचे मोजमाप वेगळे, म्हणून ते आधी वाचावे आणि मगच अर्जाचे पैसे भरावेत. कामाच्या अनुभवाला काही ठिकाणी गुण असतात. घरच्या दुकानाचा अनुभव धरतात की नाही, हे त्या संस्थेला विचारावे. मात्र जी.एस.टी.ची विवरणपत्रे, बँकेतला पगार असे कागद नसतील तर अनुभव सिद्ध करणे कठीण. व्यापारी बंधूंनी मुलाला दुकानात बसवायचे तर पगारही खात्यात जमा करावा.

आता ४५ ते ५० टक्केवाले. राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना सी.ई.टी.च्या प्रवेशासाठी ४५ टक्के पुरतात. तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम व्यावसायिक जमाती राज्याच्या ओ.बी.सी. यादीत आहेत. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर हे तीन कागद प्रवेशाच्या वेळी धावपळ करून मिळत नाहीत. पदवीच्या दुसऱ्या वर्षीच त्यांच्या मागे लागावे. येथे एक फरक ध्यानात ठेवावा: 'कॅट'ला ही सवलत ओ.बी.सी.ना नाही. तेथे ४५ टक्क्यांची अट अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांपुरती आहे.

जे किमान अटीच्याही खाली आहेत, त्यांना प्रवेशपरीक्षेचे गुण वाचवू शकत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून दुकान सांभाळून दुसरी पदवी घेता येते. पण त्यात तीन वर्षे जातात. म्हणून शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला यंदाच्या यात्रेत परीक्षेपुरती सुट्टी द्यावी. दोन महिने एक नोकर ठेवण्याचा खर्च तीन वर्षांपेक्षा स्वस्त पडतो, हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.