हातातलं बळ गेलं, तर डोळ्यात बघा

आंब्यावर चढलेल्या पोराचा पाय सटकतो. पडता पडता एका हातात फांदी येते आणि अंगाचा सगळा भार त्या एका हाताला हिसका देतो. खाली आल्यावर थोडं खरचटलेलं असतं, हाड मोडलेलं नसतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. दुसऱ्या दिवशी कळतं की खांदा हलतोय, कोपर वाकतंय, पण बोटांत जोर नाही. पेन धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, करंगळीची बाजू बधिर झाली आहे. जाणता डॉक्टर हात तपासतो आणि मग टॉर्च घेऊन मुलाच्या डोळ्यांत पाहू लागतो. दुखणं हाताचं आणि हे डोळ्यात काय बघताहेत, असं आईबापांना वाटणारच. डॉक्टरला दोनच गोष्टी हव्या असतात. त्याच बाजूची पापणी जराशी उतरली आहे का? बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा बारीक झाली आहे का?

हाताचा आणि डोळ्याचा हा संबंध नेमका कुठे जुळतो, हे १८८५ साली पॅरिसमध्ये २५ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं. तिचं नाव ऑगस्टा क्लुम्पके. आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थी ‘क्लम्पकीज पाल्सी’ पाठ करतात ती हिच्या नावाची. पाठ करणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्लुम्पके हा कुणीतरी दाढीवाला जर्मन प्राध्यापक वाटत असणार. एके काळी मलाही तसंच वाटायचं.

आधी तो संबंध समजून घेऊ. हाताकडे जाणाऱ्या नसा मज्जारज्जूतून पाच मुळांनी निघतात. चार मुळं मानेच्या खालच्या भागातली आणि पाचवं छातीच्या पहिल्या मणक्याजवळचं. पुढे ही मुळं एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि मानेपासून काखेपर्यंत त्यांचं एक जाळं होतं. वरच्या मुळांकडे खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं असतं. सर्वांत खालच्या दोन मुळांकडे तळहातातले लहान स्नायू असतात. सुईत दोरा ओवणं, तबल्यावर बोट ठेवणं, चिमटीत रांगोळी धरणं ही नाजूक कामं त्या स्नायूंची.

छातीच्या त्या पहिल्या मुळातून आणखी एक वाटसरू जातो. डोळ्याची बाहुली मोठी करणारे आणि पापणी वर धरायला मदत करणारे सिम्पथेटिक तंतू मेंदूकडून थेट डोळ्याकडे जात नाहीत. ते मज्जारज्जूतून पार छातीपर्यंत खाली उतरतात, तिथे या पहिल्या मुळासोबत बाहेर पडतात, लगेच एका बारीक फांदीने त्याला सोडून पाठीच्या कण्यालगतच्या साखळीत शिरतात आणि मानेतल्या मोठ्या धमनीचा आधार घेत परत वर चढून डोळ्यापर्यंत पोचतात. डोळा हाताच्या अंतरावर आणि वाट अशी वळसा घालून. म्हणून ते मूळ मणक्याजवळच तुटलं तर हाताबरोबर डोळाही सापडतो.

हाताच्या लुळेपणात बाहुली बारीक झालेली आधीही काहींच्या नजरेला आली होती. ती का होते आणि जाळ्यातल्या कुठल्या जागेच्या इजेने होते, याचा उलगडा ऑगस्टाने केला. रुग्णांची निरीक्षणं तिच्याजवळ होतीच. शिवाय प्राध्यापक व्हुल्पियाँ यांच्या प्रयोगशाळेत तिने कुत्र्यांवर प्रयोग करून डोळ्याची ही खूण छातीच्या पहिल्या मुळाच्या त्या बारीक फांदीशी नेऊन भिडवली. १८८५ मध्ये लेख प्रसिद्ध झाला आणि १८८६ मध्ये फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने त्याला गोदार पुरस्कार दिला.

या उलगड्याची किंमत आजही रोज वसूल होते. आपल्याकडे या जाळ्याला इजा होण्याचं मोठं कारण म्हणजे दुचाकीचे अपघात. तरुण पोरगा रस्त्यावर फेकला जातो, डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो. हात लुळा पडला की सर्जनला पहिला प्रश्न पडतो तो मूळ मज्जारज्जूतूनच उपटलं गेलं आहे की नस पुढे कुठेतरी ताणली गेली आहे, हा. उपटलेलं मूळ आपोआप परत जुळत नाही. पुढे ताणलेल्या नसेला मात्र सावरायची संधी असते. उतरलेली पापणी आणि बारीक बाहुली ही उपटलेल्या मुळाकडे बोट दाखवणारी खूण आहे. एमआरआयच्या आधी शंभर वर्षं ती उपलब्ध होती आणि तिला एक पैसाही लागत नाही. फुफ्फुसाच्या शेंड्यावर वाढणारी कर्करोगाची गाठही कधी कधी याच जागी दाब देते. खांदा दुखतो, हात बारीक होत जातो आणि त्या बाजूची बाहुली लहान होते. बाळंतपणात बाळाचा हात वर ओढला गेला तरी हे होऊ शकतं, पण फक्त खालच्या मुळांची इजा नवजात बाळांत दुर्मीळच.

ही मुलगी पॅरिसला पोचली कशी, याची गोष्ट तिच्या आईपासून सुरू होते. ऑगस्टाचा जन्म १५ ऑक्टोबर १८५९ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. थोरली बहीण ॲना लहानपणी पडली आणि पायाने अधू झाली. तिच्या उपचारासाठी आई मुलांना घेऊन युरोपात गेली, बर्लिनपर्यंत. पुढे आईवडील वेगळे झाले आणि आईने मुलांना एकटीने युरोपातच वाढवलं. या माउलीचं मला फार अप्रूप वाटतं. ॲना नामवंत चित्रकार झाली. डोरोथीया खगोलशास्त्रज्ञ झाली आणि १८९३ मध्ये शनीच्या कड्यांवर प्रबंध लिहून सॉर्बोनची गणिती विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री ठरली. मथिल्डा पियानोवादक, ज्युलिया व्हायोलिनवादक. १८७५ मध्ये मादलेन ब्रेस ही पॅरिसमध्ये डॉक्टर होणारी पहिली फ्रेंच स्त्री ठरली होती. तिच्याविषयी एका नियतकालिकात आईच्या वाचनात आलं. स्वित्झर्लंडमधलं बिऱ्हाड मोडून १८७७ मध्ये ती मुलींसह पॅरिसला आली आणि ऑगस्टाचं नाव वैद्यकीय विद्यालयात दाखल झालं.

विद्यालयाचं दार उघडं होतं, वॉर्डाचं नव्हतं. पॅरिसच्या रुग्णालयांत खरं शिक्षण स्पर्धापरीक्षा देऊन मिळे. आधी ‘एक्स्टर्न’ व्हायचं, मग ‘इंटर्न’. इंटर्न रुग्णालयातच राहत, रात्रंदिवस वॉर्ड सांभाळत, आणि प्राध्यापकपदाची वाट तिथूनच जाई. पदवी कितीही मोठी असो, या शिडीवर पाय नसला तर डॉक्टर मोठा होत नसे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलींना एक्स्टर्न होऊ दिलं ते एका अटीवर: इंटर्नच्या परीक्षेला बसायचं नाही. ऑगस्टा आणि तिची सहाध्यायी ब्लाँश एडवर्ड्स या दोघींनी ती अट मान्य केली, वॉर्डात काम करून दाखवलं आणि मग त्याच अटीविरुद्ध उभ्या राहिल्या.

डॉक्टर आणि इंटर्न मंडळींनी विरोधी अर्ज केले. रस्त्यावर ब्लाँशचा पुतळा जाळला गेला. दोघींच्या बाजूने उभे राहिलेल्यांत शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि माजी शिक्षणमंत्री पॉल बेर होते. शेवटी ३१ जुलै १८८५ रोजी सेन विभागाचे प्रीफेक्ट यूजेन पूबेल यांनी हुकूम काढून परीक्षा स्त्रियांना खुली केली. हे तेच पूबेल, ज्यांनी पॅरिसच्या घरमालकांना कचऱ्याचे डबे ठेवायला लावले, आणि कचऱ्याच्या डब्याला फ्रेंचमध्ये अजूनही ‘पूबेल’च म्हणतात. दुसऱ्या हुकमाबद्दलही त्यांची तितकीच आठवण राहायला हवी होती. १८८६ च्या परीक्षेत ऑगस्टा उत्तीर्ण झाली. पॅरिसच्या रुग्णालयांची ती पहिली स्त्री इंटर्न.

हात आणि डोळ्याचं कोडं तिने सोडवलं ते एक्स्टर्न असताना. खाटेवरचा माणूस रोज समोर असल्याखेरीज असं कोडं पडतच नाही, सोडवणं तर पुढचं. वॉर्डात शिरण्याचं भांडण म्हणजे शास्त्र करू देण्याचं भांडण होतं, असं मला वाटतं ते यामुळे.

शारिते रुग्णालयात १८८० मध्येच तिची ज्यूल देझेरीन या तरुण डॉक्टरशी ओळख झाली होती. जिनिव्हाहून आलेला, कष्टाळू, मेंदूच्या आजारांनी झपाटलेला माणूस. १८८८ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी ऑगस्टाबाईंचा प्रबंध आला, एकाच वेळी अनेक नसांना होणाऱ्या विकारांवर, विशेषतः शिशाच्या विषबाधेवर. रंगारी आणि शिशाचं काम करणाऱ्या मजुरांचा हात मनगटातून लोंबू लागे, त्या दुखण्याची नीट मांडणी त्यात होती. १८९१ मध्ये मुलगी झाली, इव्हॉन. तीही पुढे मेंदूविकारतज्ज्ञ झाली.

मग आलं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम: ‘मज्जासंस्थेच्या केंद्रांची शरीररचना’ हा ग्रंथ. पहिला खंड १८९५ चा, दुसरा १९०१ चा. नुसत्या पहिल्या खंडात आठशेच्या वर पानं आणि सुमारे ४०० आकृत्या. हे काम कसं चाले ते सांगितल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. ज्या रुग्णाला जिवंतपणी बारकाईने तपासलं, त्याचा मृत्यूनंतर मेंदू काढायचा, रसायनात मुरवून घट्ट करायचा आणि कागदासारखे पातळ काप एकामागून एक, क्रम न चुकवता काढायचे. मग ते रंगवायचे. निरोगी तंतूंभोवतीचं आवरण या रंगाने गडद निळं-काळं होतं. जो तंतू आपल्या पेशीपासून तुटला तो पुढे मरत जातो, त्याचं आवरण झडतं आणि तिथे रंग धरत नाही. निळ्या-काळ्या पसाऱ्यातली ही फिकट रेघ एका कापातून पुढच्या कापात धरत जायची. ओल्या वाळूतल्या पावलांवरून माणूस कुठून कुठे गेला हे ओळखावं तसं. हजारो काचपट्ट्या, वर्षानुवर्षं.

या पद्धतीने काय हाती लागतं, याचं उदाहरण १८९२ मध्ये ज्यूल यांनी प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णाचं आहे. हा सुशिक्षित गृहस्थ एक दिवस वाचू शकेनासा झाला. अक्षरं दिसत होती, पण ओळख लागत नव्हती. लिहिता मात्र व्यवस्थित येत होतं. स्वतः लिहिलेली चिठ्ठी थोड्या वेळाने समोर धरली तर तीही त्याला वाचता येत नसे. मृत्यूनंतर मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पाहण्याचा भाग आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचं मागचं टोक निकामी झालं होतं. उजव्या अर्धगोलाने पाहिलेलं अक्षर डाव्या अर्धगोलातल्या भाषेच्या केंद्रापर्यंत पोचायला वाटच उरली नव्हती. केंद्रं शाबूत असूनही त्यांच्यामधली वाट तुटल्याने माणसाची एखादी शक्ती जाऊ शकते, हे यातून दिसलं. फांदीला लोंबकळलेल्या मुलाच्या डोळ्याचंही तेच होतं. डोळा धड असतो, वाट तुटलेली असते.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ज्यूल यांचं नाव आहे आणि त्याखाली ‘श्रीमती देझेरीन-क्लुम्पके यांच्या सहकार्याने’. ज्यूल यांनी नाव छापलं, हे त्या काळात थोडं नव्हे. नवऱ्याच्या शास्त्रात राबलेल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तरीही ‘सहकार्याने’ हा शब्द मला खटकतो. मज्जारज्जूच्या मुळापासून धागा धरत निघायचं हे कसब १८८५ च्या लेखात त्यांनी एकटीने सिद्ध केलं होतं. ज्यूल साल्पेत्रिएर रुग्णालयात प्राध्यापक झाले. बाईंना प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. सहकाऱ्यांना त्यांची योग्यता ठाऊक होती, हे मात्र खरं. १९१४ मध्ये पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीने त्यांना अध्यक्ष केलं. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार मिळायला तेव्हा अजून तीस वर्षं होती.

त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. गोळीने किंवा तोफगोळ्याच्या तुकड्याने मणका फुटलेले, कमरेखाली लुळे झालेले तरुण शिपाई साल्पेत्रिएरमध्ये येऊ लागले. अशा माणसाला तेव्हा फार दिवस जगवता येत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला नेत असे. फेब्रुवारी १९१७ मध्ये ज्यूल वारले. पन्नाशी उलटलेल्या बाई वॉर्डात येत राहिल्या. नंतर आँव्हालीदमधल्या अपंग सैनिकांचीही त्यांनी काळजी घेतली.

या सैनिकांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. लुळ्या पायाचे सांधे ढिले पडायला हवेत, तर काहींचे खुबे आणि गुडघे दगडासारखे घट्ट होत होते. क्ष-किरण चित्रांत सांधा आतून ठीक होता. त्याच्याभोवती, स्नायूंच्या पदरांत, जिथे हाड असायचं कारणच नाही तिथे नवं हाड तयार झालं होतं. तेही फक्त इजेच्या पातळीच्या खाली. आँद्रे सेलिए या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९१८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तपासलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत हे हाड सापडलं होतं. पुन्हा तेच कोडं, इजा पाठीत आणि परिणाम खुब्यात. या वेळी मधला धागा त्यांच्या हाती लागला नाही.

१९२० मध्ये त्यांनी दोघांचा संग्रह, काचपट्ट्या आणि कागदपत्रं जपण्यासाठी देझेरीन प्रतिष्ठान उभं केलं. ५ नोव्हेंबर १९२७ रोजी त्या गेल्या. मज्जारज्जू तुटल्यावर मांसात हाड का उगवतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे काय, किंवा कुठल्याही रुग्णालयात काय, लुळा पाय हळूहळू पोटाकडे वाकवताना फिजिओथेरपिस्टचा दुसरा हात खुब्यावर असतो. सांधा कालच्यापेक्षा कमी वाकतोय का, आत काही टणक लागतंय का, हे तो हात चाचपत असतो.