कूफ्याच्या कापड दुकानातील धडा

बाजारात असोसिएशनची निवडणूक आली की पहिला प्रश्न निघतो, "कोणाची पेढी मोठी?" दुसरा निघतो, "कोणाची वरपर्यंत ओळख आहे?" उमेदवाराचे माप पुरे असते का, आणि त्याची अजून काही शिकण्याची तयारी आहे का, हे कोणी विचारीत नाही. खरे तर पुढारीपण याच दोन गोष्टींवर उभे राहते.

हे समजण्यासाठी आपल्याच धंद्यातील एक उदाहरण पाहू. इमाम अबू हनीफा (रहे.) यांना आपण फिकहचे इमाम म्हणून ओळखतो. पण ते कापडाचे व्यापारी होते, हे कितीजणांच्या ध्यानात असते? उर्दू शाळेत असताना शिबली नोमानींचे 'सीरतुन्नोमान' आमच्या हाती पडले. तेव्हा आम्ही ते एका आलिमचे चरित्र म्हणून वाचले. दुकानावर बसू लागल्यावर तेच आम्हाला व्यापाऱ्याचे पुस्तक वाटू लागले.

डागी थान

इमाम साहेबांचा जन्म हिजरी 80, म्हणजे ई.स. 699 मधला. इराकमधील कूफा शहरात त्यांचे रेशमी कापडाचे दुकान होते. चरित्रकार सांगतात की एकदा त्यांनी आपले भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठविला आणि बजावले, की यातील अमुक कापडात दोष आहे, तो गिऱ्हाईकाला दाखवूनच विका. हफ्स विसरले आणि माल विकला गेला. घेणारा कोण, हेही कळेना. तेव्हा इमाम साहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. नुसता नफा नव्हे, सगळी रक्कम!

दुसऱ्या वेळी एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली. तिने शंभर मागितले. इमाम साहेब म्हणाले, याची किंमत जास्त आहे. बाईने शंभर-शंभर करीत चारशेपर्यंत भाव वाढविला, तेव्हा तिला थट्टा वाटू लागली. शेवटी ते पाचशेला घेतले गेले. समोरच्याला भाव माहीत नाही, याचा फायदा त्यांनी घेतला नाही.

येथे आम्हाला आमची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून एक डागी थान चांगल्या भावाने गेले. आतल्या घडीत तार तुटलेले होते, हे आम्हाला ठाऊक होते. गिऱ्हाईक परगावचे होते. आम्ही गप्प बसलो. आमच्या नोकराने ते पाहिले. महिनाभरातच तो मापात हात मारताना सापडला, पण त्याला रागवायला आम्हाला तोंड उरले नव्हते. माणसे मालकाचे बोलणे ऐकत नाहीत, मालकाचे हात पाहतात. हा धडा आम्हाला त्या थानाच्या भावापेक्षा महाग पडला.

साठ प्रश्न

तरुण अबू हनीफा बाजारात जात असताना आलिम शाबी यांनी त्यांना हटकले आणि इल्मकडे वळविले, असे सांगतात. पुढे ते हम्माद यांचे शागिर्द झाले. दहा वर्षे झाल्यावर त्यांना वाटले, आता आपला स्वतंत्र दर्स सुरू करावा. त्याच सुमारास हम्माद यांना कामानिमित्त बसऱ्याला जावे लागले व जागेवर ते यांनाच बसवून गेले. दोन महिन्यांत नवे साठ प्रश्न आले. अबू हनीफांनी उत्तरे दिली आणि ती लिहूनही ठेवली. उस्ताद परतल्यावर वही पुढे ठेवली. चाळीस उत्तरे त्यांना मान्य झाली, वीस झाली नाहीत. त्या दिवशी त्यांनी ठरविले की उस्ताद हयात आहेत तोवर त्यांना सोडायचे नाही. हिजरी 120 मध्ये हम्माद वारले. एकूण अठरा वर्षांची ही शागिर्दी. त्यानंतरच ते उस्तादांच्या जागी बसले. तेव्हा वय चाळीस होते.

विचार करा, साठात चाळीस बरोबर आली तर आपल्यापैकी कोणीही पेढे वाटले असते. त्यांनी मात्र चुकलेली वीस पाहिली.

गादी मिळाल्यावर

गादीवर बसूनही त्यांचे शिकणे थांबले नाही. मसला शागिर्दांपुढे मांडला जाई, वादविवाद होई आणि मगच तो लिहिला जाई. अबू यूसुफ यांना ते बजावीत की ऐकलेले सगळे लिहू नका. आजचे आमचे मत आम्ही उद्या सोडूही. हे अबू यूसुफ गरीब घरचे होते. त्यांचा खर्च इमाम साहेबांनी दुकानाच्या कमाईतून उचलला. तेच पुढे हारून रशीदच्या काळात मुख्य काजी झाले आणि जमीन-महसुलावर त्यांनी 'किताबुल खराज' लिहिली. आपल्यामागे माणसे तयार करून ठेवणे, हीच पुढाऱ्याची खरी शिल्लक असते. स्वतः इमाम साहेबांनी मात्र खलीफा मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारले व त्यापायी कैद सोसली. हिजरी 150 (ई.स. 767) मध्ये बगदादला त्यांचे निधन झाले.

आपल्यापुरते

2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कापड बाजारात मोठी घबराट होती. आम्ही पुतण्यापुढे वही घेऊन बसलो. काका असून पुतण्याला विचारायचे, याची प्रथम लाज वाटली. पण महिनाभरात रिटर्न समजू लागले आणि मग शेजारचे चार दुकानदार आमच्याकडे विचारायला आले. आम्ही कोणतीही निवडणूक लढविली नव्हती, तरी त्या चौघांनी आमचे ऐकले.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच आहे : पुढच्या वेळी अध्यक्ष, चेअरमन किंवा सोसायटीचा सेक्रेटरी निवडताना त्याच्या दुकानातील नोकराला आणि जुन्या गिऱ्हाईकाला विचारा. "हे मला माहीत नाही, सांगा" असे म्हणताना त्याला कधी ऐकले आहे का, तेही विचारा. आणि हेच दोन प्रश्न रोज रात्री गल्ला मोजताना स्वतःलाही विचारावेत. आम्ही विचारतो. सगळ्याच रात्री उत्तर चांगले येते असे नाही.