कापसाचा भाव आणि मडक्यातली चिठ्ठी

न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, याच्याशी मुंबईच्या गिरणगावात साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराचं काय देणंघेणं? भरपूर! टेलिप्रिंटरवरून ते भाव तिथल्या कॉटन एक्स्चेंजमध्ये यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागायच्या. दिवसभर कापसाशी झटणारा माणूस संध्याकाळी कापसाच्याच आकड्यावर पैसे लावायचा!

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे भाव थांबले. मग खेळ संपला? छे! आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून काढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्रींचा. पुढे मडक्याच्या जागी पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. ५, ३, ६ निघाले की बेरीज १४, म्हणजे आकडा ४.

आता हिशेब बघा. आकडा लागला तर एकास नऊ, आणि लागण्याची शक्यता दहात एक. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावला, तर दहा देऊन नऊच परत! मग पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसं हे का खेळत होती?

एक मोठं कारण आहे एकरकमी पैसा. लग्न, घराचं छप्पर, शिलाई मशीन यांना रक्कम एकदम लागते. हातातले दोन रुपये मात्र टिकत नाहीत. आज औषध, उद्या गावाहून आलेला पाहुणा. बँक दारात उभी करत नसे. म्हणूनच तर भिशी! तिथेही डब्यातून चिठ्ठीच निघते, पण प्रत्येकाचं नाव कधी ना कधी निघतंच आणि मधला कुणी दहावा रुपया कापत नाही. नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात. तिथे जुगार नाही, पण गरज तीच. रक्कम आधी, मग हंगामभर कोयता.

एकरकमी पैशाची गरजच सट्ट्याकडे ओढते, हे तपासून कसं पाहणार? अर्थतज्ज्ञ सिल्वन हर्स्कोविट्झ यांनी युगांडात कंपालामधल्या सट्टा खेळणाऱ्यांना पैसे साठवायची एक साधी पेटी दिली. ना उपदेश, ना धाक. तरी त्यांची सट्ट्याची ओढ कमी झाली! एका पेटीने!

हलाखी आली की माणूस जुगाराकडे वळतो, असं आपण धरून चालतो. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, पगार थांबले, आणि गिरणगावातल्या मटक्याचा पायाच खचला. आकडा लावायला खिशात सुटा रुपया लागतो, आणि पुढच्या पगाराचा भरवसाही. पोलिसांच्या मोठ्या धाडी नंतर आल्या. तोवर कितीतरी गिऱ्हाइकं कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली होती.