भाषा बदला खुशाल, देश बदला जपून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोबाइलवर किंवा संगणकावर नवे खाते उघडताना आपल्याला दोन साधे प्रश्न विचारले जातात. तुमची भाषा कोणती? आणि तुमचा देश कोणता? दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ते सारख्याच वजनाचे वाटतात. प्रत्यक्षात भाषेची निवड म्हणजे दारावरची पाटी आणि देशाची निवड म्हणजे शिधापत्रिका. पाटी कधीही पुसून नव्याने रंगवता येते. शिधापत्रिका दुसऱ्या गावी न्यायची तर आधी जुन्या गावचा हिशेब मिटवावा लागतो.

आधी भाषेविषयी. गूगलच्या खात्यात ‘वैयक्तिक माहिती’ या भागात भाषेची नोंद असते. तिथे मराठी निवडली की खात्याची बटणे आणि सूचना मराठीत दिसू लागतात. आपली पत्रे, छायाचित्रे, पैसे, परवलीचा शब्द यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. पसंत पडले नाही तर त्याच वाटेने परत येता येते. मात्र खात्याची भाषा वेगळी आणि फोनची भाषा वेगळी. फोनची भाषा त्याच्या सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे बदलावी लागते. एक बदलूनही दुसरी तशीच राहिली, तर फोन बिघडला असे समजू नये.

घरातल्या लहान मुलाच्या हातून आजीच्या फोनची भाषा बदलली, तर आजीला तो फोन परका होतो. अशा वेळी अक्षरे वाचता येत नसली तरी चित्रे ओळखता येतात. दातेरी चाकाचे चित्र म्हणजे सेटिंग. आत पृथ्वीच्या गोलाचे किंवा दोन वेगळ्या लिप्यांतील अक्षरांचे चिन्ह शोधावे, ते बहुधा भाषेचे असते. भाषांच्या यादीत बहुतेक ठिकाणी प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेले असते. बाकी सारे चिनी किंवा अरबीत असले, तरी ‘मराठी’ हा शब्द मराठीतच सापडतो.

संगणक भाषेच्या जोडीला प्रदेशाचीही नोंद ठेवतो. मराठीसाठी ‘एमआर’ आणि भारतासाठी ‘आयएन’ अशी त्याची ठरलेली अक्षरे आहेत. इंग्रजी निवडताना भारतातील इंग्रजी की अमेरिकेतील इंग्रजी, असे म्हणूनच विचारले जाते. फरक केवळ स्पेलिंगचा नसतो. ०३/०४ ही तारीख भारतात ३ एप्रिल असते, अमेरिकेत ४ मार्च. आपण १,००,००० लिहितो, तिकडे स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर येतो. तिकिटाची किंवा डॉक्टरांच्या भेटीची तारीख पाहताना हा फरक महिनाभराचा घोटाळा करू शकतो.

आता देशाविषयी. आपण कोठे आहोत याचा अंदाज कंपनी इंटरनेट जोडणीचा पत्ता, सिमकार्ड आणि पैसे भरण्याच्या कार्डावरून बांधते. आपल्याला किंमत रुपयांत दिसणार की डॉलरमध्ये, कर कोणता लागणार, कोणत्या कायद्याखाली आपला करार होणार, हे देशावरून ठरते. चित्रपटांचे हक्क देशवार विकले जातात, म्हणून एकाच कंपनीच्या यादीत भारतात दिसणारा चित्रपट दुसरीकडे दिसत नाही. वयाची अटसुद्धा देशानुसार बदलते. गूगलचे खाते स्वतः सांभाळण्याचे किमान वय बहुतेक देशांत १३ वर्षे आहे, दक्षिण कोरियात १४ आणि जर्मनीत १६.

म्हणूनच देश बदलण्यावर कंपन्यांनी कुंपण घातले आहे. गूगल प्लेमध्ये देश वर्षातून एकदाच बदलता येतो. त्यासाठी नव्या देशात प्रत्यक्ष असावे लागते आणि पैसे भरण्याचे साधनही तिथलेच लागते. जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. ॲपलकडे आधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते आणि मगच नवा देश स्वीकारला जातो. नेटफ्लिक्सवर तर प्रत्यक्ष स्थलांतर केल्याखेरीज खात्याचा देश बदलत नाही. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी, किंवा ‘तिकडे वर्गणी स्वस्त आहे’ असे कोणी सांगितले म्हणून, या वाटेला जाऊ नये.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर जिव्हाळ्याचा होतो. समजा, साताऱ्याची मुलगी जर्मनीला गेली. तिच्या पत्रांची आणि छायाचित्रांची साठवण घरच्यांबरोबरच्या कुटुंब गटात आहे. अशा गटातील सर्वांचा देश एकच असावा लागतो. देश बदलण्यासाठी ती गटातून बाहेर पडली, की तिच्या वाट्याला गूगलची मोफत १५ जीबी जागा उरते. सामान त्याहून अधिक असेल तर नवी पत्रे येणे थांबते. त्या पत्रांत विद्यापीठाचे किंवा व्हिसा कार्यालयाचे पत्रही असू शकते.

दुसरा धोका फोन क्रमांकाचा. बँक आणि ई-मेल दोन्हींचा एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक जुन्या भारतीय सिमवर येतो. ते सिम वापराविना बंद पडले, की घराची किल्ली घरातच राहून दार लागल्यासारखे होते. बँकेचा देश तर सेटिंगचा विषयच नाही. परकी चलन कायद्यानुसार, म्हणजे ‘फेमा’नुसार, अनिवासी झालेल्या व्यक्तीचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. त्यासाठी बँकेलाच कळवावे लागते.

तेव्हा निघण्यापूर्वी क्रम असा ठेवावा. छायाचित्रे आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळी काढावी. ई-मेलला दुसरा पर्यायी पत्ता जोडावा आणि खाते उघडण्याचे राखीव संकेत कागदावर लिहून ठेवावेत. भारतीय सिम चालू राहील अशी व्यवस्था करावी. शिल्लक संपवावी, वर्गण्या तपासाव्यात. तिकडे पोहोचून बँकखाते आणि कार्ड हाती आल्यावर, सर्वांत शेवटी, देश बदलावा.

भाषेसाठी यांतले काहीच करावे लागत नाही. आज रविवार आहे, मुले-नातवंडे घरी असतील. आईच्या किंवा आजोबांच्या फोनची भाषा त्यांना विचारून मराठी करून द्या आणि आठवडाभर वापरू द्या. ज्या सूचनेवर ते आजवर न वाचताच ‘ओके’ म्हणत होते, ती ते आता वाचतील. फसवणुकीच्या एखाद्या संदेशाला नाही म्हणायला तेवढे पुरेसे ठरू शकते.