१८३ नंबरची मागणी

नागपुरात अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपराआधी एक गणित घोटून पाठ करावं लागतं. हार्ड डिस्कचं वाचणारं हेड ५३ नंबरच्या सिलिंडरवर, म्हणजे तबकडीवरच्या गोल पट्टीवर आहे. मागण्या ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७. आल्या क्रमाने गेलं तर हेडला ६४० सिलिंडर फिरावं लागतं, जवळची आधी घेतली तर २३६. मुलं उत्तराखाली रेघ मारतात. रांगेत दुसरी आलेली १८३ सगळ्यांत शेवटी पोचली, याकडे कोणी बघत नाही.

सीताबर्डीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी उघडलेली हार्ड डिस्क पहिल्यांदा हातात घेतली. आरशासारखी तबकडी, तिच्यावर झुकलेला बारीक हात, टोकाला तिळाएवढं हेड. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो, आणि तेवढ्यात प्रोसेसर कोटभर सूचना उरकतो. म्हणून रांग नीट लावणं इतकं मोलाचं.

पूर्वी हे काम ऑपरेटिंग सिस्टिमचं होतं. पुढे डिस्कने आपली अंतर्गत रचना झाकून घेतली आणि बाहेर फक्त ब्लॉकचे नंबर दिसू लागले. साटा डिस्कमध्ये एनसीक्यू ही रांग लावायची सोय आली तेव्हा एका वेळी ३२ पर्यंत मागण्या डिस्कच स्वतःकडे ठेवून लावू लागली. ते योग्यच होतं. तबकडी या क्षणी कुठे आहे हे तिलाच ठाऊक.

पण मागणी कोणाची, हे तिला कळत नाही. नागपुरातल्या रेल्वेच्या डायमंड क्रॉसिंगवरून ये-जा करणाऱ्याला हे लवकर समजेल: कोणती गाडी आधी सोडायची ते कंट्रोल ऑफिस ठरवतं, रूळ मोकळा आहे की नाही ते केबिनला दिसतं.

२००१ साली राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी एक उलटी वाटणारी गोष्ट दाखवली. एक वाचन झाल्यावर डिस्कला क्षणभर रिकामं ठेवा. तोच प्रोग्रॅम लगेच शेजारचा ब्लॉक मागण्याची शक्यता मोठी असते. हा अंदाज डिस्कला कधीच करता येणार नाही, कारण प्रोग्रॅम ही गोष्टच तिच्या जगात नाही. लिनक्सने २.६ आवृत्तीत ही कल्पना उचलली. मला या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत सुंदर वाटते.

एका कचेरीच्या सर्व्हरवर भरदिवसा बॅकअप सुरू झाला की काउंटरचा स्क्रीन गोठायचा. समोर म्हातारी माणसं कागद धरून उभी. डिस्ककडे एकदम सोपवायच्या मागण्या मी ३२ वरून ४ वर आणल्या. बॅकअप रेंगाळला, काउंटर हलला. एकदा डिस्ककडे दिलेल्या मागण्यांचा क्रम सिस्टिमला बदलता येत नाही. हातात राखलेल्यांचा येतो.

एसएसडीत हातही नाही, तबकडीही नाही. एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीत हजारो रांगा मावतात, आणि तिथे लिनक्समध्ये मागण्यांचा क्रम लावणारा शेड्युलर बऱ्याचदा बंदच ठेवतात. लिनक्सचा जुना शेड्युलर सीएफक्यू २०१९ मध्ये ५.० आवृत्तीतून गेला. तरी मागणी कोणाची हे बघणारा बीएफक्यू शेड्युलर टिकून आहे, कारण एकाच डिस्कवर बॅकअप आणि काउंटर अजून एकत्र नांदतात.

त्या गणितात मागणीच्या नंबरापुढे आणखी एक रकाना आखून द्यावा असं मला फार वाटतं: मागणी कोणाची. मग १८३ पुढे मुलं काय लिहितात, ते बघायचं आहे.