सर्वांच्या जागेचे नियम

बाग, रस्ता, बाजारपेठ, नदीचा घाट या जागा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. त्या सर्वांच्या असतात. म्हणूनच तेथे कोणी स्वैर वर्तन केले, तर त्याचा उपद्रव सर्वांना भोगावा लागतो. अशा उपद्रवाचा बंदोबस्त कोणी करावा?

इंग्लंड आणि वेल्स येथे याबाबतचे महत्त्वाचे अधिकार स्थानिक परिषदांना आहेत. आपल्या नगरपालिकांप्रमाणेच त्यांचे सभासद लोकांनी निवडून दिलेले असतात. २०१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्याने परिषदांना ‘सार्वजनिक स्थळ संरक्षण आदेश’ काढण्याचा अधिकार दिला. समजा, एखाद्या बागेत काही लोक नित्य मद्यपान करून धिंगाणा घालतात, किंवा कुत्र्यांचे मालक त्यांची घाण तशीच टाकून जातात. मग मुले व वृद्ध तेथे जाईनासे होतात. अशा वेळी परिषद त्या जागेपुरती त्या वर्तनास मनाई करू शकते. आदेश मोडणारा दंडास पात्र होतो. मद्यपानाच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्याने थांबण्यास सांगूनही जो ऐकत नाही, तोच गुन्हेगार ठरतो.

तथापि हा अधिकार अनिर्बंध नाही. ते वर्तन वारंवार घडणारे, गैरवाजवी आणि परिसरातील लोकांच्या जीवनास बाधक असले पाहिजे. आदेशापूर्वी पोलिसांशी व स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करावा लागतो. आदेशाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. ती वाढवायची झाल्यास पुन्हा विचार करावा लागतो. आदेश अन्यायकारक वाटल्यास तेथे राहणारा किंवा नेहमी येणारा मनुष्य सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागू शकतो.

इतकी बंधने कशासाठी? २०१५ साली लंडनमधील हॅक्नी परिषदेने काढलेल्या आदेशात उघड्यावर झोपण्यासही मनाई होती. ज्याला घरच नाही, त्याने झोपावे कोठे? लोकांनी तीव्र निषेध केला आणि परिषदेस तो आदेश मागे घ्यावा लागला. पुढे २०१७ साली सरकारनेही बजावले की, केवळ बेघर आहे म्हणून कोणावर असा आदेश लादू नये.

उपद्रव देणे निराळे आणि निराधार असणे निराळे. पहिल्यास आवर घालावा, दुसऱ्यास आधार द्यावा. हा भेद जो ओळखतो, त्याच्याच हाती नियम करण्याचा अधिकार शोभतो.