इंटरनेटवरील दूरध्वनी : घर आणि व्यवसाय यांसाठी उपयोग व मर्यादा

परगावी शिकणाऱ्या मुलाशी, बाजार समितीतील अडत्याशी किंवा परदेशातील खरेदीदाराशी इंटरनेटवरून बोलणे हे आता खेड्यांतही नित्याचे झाले आहे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे नेदरलँड्सला पाठविणारा निर्यातदार तेथील व्यापाऱ्याशी अशा रीतीने रोज बोलू शकतो आणि त्याचा आंतरराष्ट्रीय दूरध्वनीचा खर्च वाचतो. या सोयीमुळे जुना दूरध्वनी काढून टाकावा काय, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधू व सहकारी संस्थांचे चिटणीस यांच्यापुढे उभा राहतो. त्याचा निर्णय करण्यापूर्वी हा दूरध्वनी कसा चालतो आणि तो कोठे अपुरा पडतो हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आवाजाचा प्रवास

जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत दोन माणसे बोलू लागली म्हणजे त्यांच्यासाठी एक वाट राखून ठेवली जात असे. चारीच्या पाण्याची पाळी एका बागायतदारास दिली म्हणजे त्याने पाणी घेतले न घेतले तरी त्या वेळात ते दुसऱ्यास मिळत नाही, तसाच हा प्रकार होता. बोलणारा गप्प राहिला तरी वाट अडलेलीच राही.

इंटरनेटवर अशी वाट कोणासाठीही राखलेली नसते. येथे आवाजाचे प्रथम आकड्यांत रूपांतर होते. प्रचलित पद्धतींपैकी एकीत दर सेकंदास ८,००० वेळा आवाजाचे माप घेतले जाते. ही मापे लहान लहान पुडक्यांत बांधतात. प्रत्येक पुडक्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज असतो आणि त्यावर पत्ता व अनुक्रमांक घातलेला असतो. पत्रे, छायाचित्रे आणि चित्रपट यांच्या गर्दीतून ही पुडकी त्याच रस्त्याने जातात. पलीकडचे यंत्र ती अनुक्रमाने लावून पुन्हा आवाज तयार करते.

उशिरा पोहोचलेले पुडके यंत्राला टाकून द्यावे लागते. एखादे पुडके गळाले तर कानास कळत नाही, परंतु ओळीने अनेक गळाली तर शब्दच नाहीसा होतो. ‘साडे’ हे अक्षरद्वय उच्चारण्यास सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो असे धरले, तर ती केवळ सोळा-सतरा पुडकी होतात. तेवढी गळाली म्हणजे ‘साडेसतराशे’ हा भाव ऐकणाऱ्यास ‘सतराशे’ असा ऐकू येईल. क्विंटलमागे ५० रुपयांचा फरक पडला, तर १०० क्विंटल कांद्यावर ५,००० रुपयांचा वाद उत्पन्न होतो. सबब इंटरनेटवर ठरलेला भाव, वजन व प्रत ही लगेच लेखी संदेशाने कळवून पलीकडून होकार घ्यावा.

तीन प्रकार

पहिला प्रकार ॲपचा. दोन्ही माणसांकडे तेच ॲप व इंटरनेट असले म्हणजे बोलता येते. डेटाखेरीज निराळा आकार पडत नाही.

दुसरा प्रकार क्रमांकासहित इंटरनेट दूरध्वनीचा. परवानाधारक कंपनी आपणास क्रमांक देते व त्यावरून कोणत्याही साध्या दूरध्वनीशी बोलता येते. भारतात इंटरनेट दूरध्वनीस १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. परवानाधारक कंपन्यांना ही सेवा साध्या क्रमांकांशी जोडण्याची मोकळीक २०१८ साली देण्यात आली.

तिसरा प्रकार वायफाय कॉलिंगचा. डोंगराच्या कुशीतील वस्तीवर मोबाईलच्या मनोऱ्याचा संकेत क्षीण असेल, पण घरात ब्रॉडबँड असेल, तर आपल्याच सिमकार्डाच्या क्रमांकावरील बोलणे वायफायमार्फत जाते. ही सोय भारतात डिसेंबर २०१९ पासून सुरू झाली. आपला मोबाईल व कंपनी यांना ती मान्य आहे की नाही हे पाहून मोबाईलच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी.

डेटा किती लागतो

वर सांगितलेल्या पद्धतीत आवाज व पुडक्यावरील पत्ता मिळून एका दिशेस सेकंदाला सुमारे १०,००० बाइट लागतात. दोन्ही दिशांचे मिळून २०,००० बाइट, म्हणजे तासास सुमारे ७२ मेगाबाइट होतात. अनेक ॲपे आवाज अधिक आवळून पाठवितात, त्यामुळे त्यांस याहून कमी डेटा पुरतो. चित्रासह बोलण्यास मात्र कितीतरी पट अधिक डेटा लागतो. पिकावरील रोग कृषी सहायकास दाखवावयाचा असून संकेत क्षीण असेल, तर पानाची दोन स्पष्ट छायाचित्रे पाठवावीत व बोलणे केवळ आवाजाने करावे.

यावरून बोलण्यास फार मोठा वेग लागत नाही हे उघड आहे. वेगापेक्षा स्थिरता महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका दिशेस १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण बहुधा सुरळीत चालते. विलंब फार वाढला म्हणजे दोघेही एकाच वेळी बोलू लागतात.

संस्था व व्यवसाय यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संस्था किंवा रोपवाटिका यांना दुसरा प्रकार सोयीचा पडतो. एकाच क्रमांकावर अनेक माणसांना निरनिराळ्या टेबलांवर बोलता येते, व गोदामातील दूरध्वनी कचेरीतील दूरध्वनीस जोडता येतो. यंत्रणा बसविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. एका वेळी किती संभाषणे होतील याचा अंदाज घ्यावा. प्रत्येकास दोन्ही दिशांनी प्रत्येकी सुमारे १०० किलोबिट वेग धरावा. पाच संभाषणांस अर्धा मेगाबिट लागतो. विक्रेता बहुधा डेटा उतरविण्याचा वेग सांगतो, पाठविण्याचा वेग किती हे आपण विचारावे.

२. गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, बोलून पाहावे. सकाळची परीक्षा पुरेशी नाही.

३. सेवा देणारी कंपनी परवानाधारक आहे याची खात्री करावी. आपल्या ब्रॉडबँडवर अनेक सिमकार्डांची पेटी ठेवण्यासाठी कोणी भाडे देऊ केले तर ते घेऊ नये. परदेशातील बोलणी चोरून उतरविणारी अशी दूरध्वनी केंद्रे चालविणे हा गुन्हा आहे, व जागा देणाऱ्यावरही संकट ओढवते.

वीज गेली तर

जुन्या तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीस वीज दूरध्वनी केंद्रातूनच, सुमारे ४८ व्होल्ट दाबाने मिळत असे. घरातील दिवे गेले तरी तो चालू राही. इंटरनेट दूरध्वनीची गोष्ट निराळी आहे. राऊटरची वीज गेली की दूरध्वनी मुका होतो. भारनियमनाच्या भागात राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा त्यास लहान बॅटरी जोडावी. बॅटरीचा दाब राऊटरवर लिहिलेल्या दाबाइतकाच असावा.

याहून गंभीर मर्यादा संकटकाळाची आहे. रात्री पाणी देताना सर्पदंश झाला, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक साध्या दूरध्वनीवरूनच लावावेत. नेहमीच्या संदेशवहनाच्या ॲपवरून ते लागत नाहीत. इंटरनेट दूरध्वनी एका जागेहून दुसरीकडे हलविला असल्यास आपला ठिकाणाही चुकीचा कळण्याचा संभव असतो. म्हणून घरात निदान एक सिमकार्ड चालू ठेवावे, आणि शेतात कोणत्या बांधावर संकेत मिळतो हे घरातील सर्वांस आधीच दाखवून ठेवावे. पीकविषयक सल्ल्यासाठी असलेला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही साध्या दूरध्वनीवरूनच लावावा.

फसवणुकीपासून सावधगिरी

इंटरनेटवरून बोलणारा कोठून बोलतो हे कळणे कठीण असते, आणि पडद्यावर दिसणारा क्रमांकही खोटा असू शकतो. अनुदानाचा हप्ता अडला आहे असे सांगून ओटीपी मागणाऱ्यास तो देऊ नये, व त्याने पाठविलेले ॲप मोबाईलवर घेऊ नये. पोलिसाचा वेष घालून चित्रासह बोलणारा व ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे सांगणारा इसम लबाड समजावा. अशा अटकेची तरतूद कायद्यात नाही. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सारांश, इंटरनेटवरील दूरध्वनी हा स्वस्त व उपयुक्त आहे. आप्तांशी बोलण्यास, दूरच्या बाजाराशी संबंध ठेवण्यास व संस्थेच्या कचेरीस त्याचा अवश्य लाभ घ्यावा. परंतु भावाचा व्यवहार लेखी करावा, राऊटरसाठी विजेची पर्यायी सोय करावी, आणि संकटकाळासाठी साधा दूरध्वनी हाताशी राखावा. या तीन गोष्टी सांभाळल्या तर या साधनापासून नुकसान होण्याचे भय उरणार नाही.